थर्मल विषय पक्का करायचा असेल तर: उष्णता शेवटी कुठं जाते ते शोधा

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्स येतं, त्याच्या मागोमाग हीट ट्रान्सफर. इथं आमच्या भागातल्या लेकरांचं दुखणं ठरलेलं आहे: व्याख्या तोंडपाठ आणि गणिताचं पान कोरं. पहिला नियम (ऊर्जा नव्यानं तयार होत नाही, नष्टही होत नाही) झोपेतून उठवलं तरी म्हणतील, पण टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेत किती ऊर्जा उरली म्हणून विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मी अंबाजोगाईला राहते आणि डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांना हा विषय शिकवते. आमचे अण्णा साखर कारखान्यात बॉयलरवर होते, त्यामुळं वाफेच्या गोष्टी मला पुस्तकाआधी घरीच ऐकायला मिळाल्या. अण्णांना एन्ट्रॉपी, म्हणजे उष्णतेला तापमानानं भागून मोजायची राशी, माहीत नव्हती. पण कंडेन्सेट (वाफ गार होऊन झालेलं पाणी) किती परत आलं आणि धुराड्यातून धूर कसा निघतोय, एवढ्यावरून पाळी कशी चालली ते सांगायचे. आत काय टाकलं यापेक्षा बाहेर काय गेलं याच्यावर त्यांचा डोळा.

हा विषय शिकायचा तोच रस्ता मी सांगतेय. प्रत्येक यंत्राला, प्रत्येक चक्राला, प्रत्येक भिंतीला एकच विचारा: उष्णता शेवटी कुठं जाते? इंधन किती जळालं आणि वीज किती निघाली हे सगळेच विचारतात. मधली जी मोठी रक्कम गळते तिचा हिशेब लागला की निम्मा अभ्यासक्रम आपोआप उलगडतो.

आधी हद्द आखा

गणित हातात आलं की सूत्र शोधत बसू नका. पेन्सिल घ्या, यंत्राचा साधा चौकोन काढा आणि त्याच्याभोवती तुटक रेषेनं हद्द आखा. शेताला बांध असतो तशी ही रेषा: अलीकडचं आपलं, पलीकडचं दुसऱ्याचं. आता या रेषेवरून जे ये-जा करतंय तेवढंच मोजायचं. उष्णता, काम आणि वाहतं पाणी किंवा वाफ. आत काय खळबळ चाललीय याच्याशी पहिल्या नियमाला देणंघेणं नाही.

हे जमलंय का ते तपासायला मी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न टाकते. खोली बंद, खिडक्या बंद, भिंतींतून उष्णता जात-येत नाही असं धरा. आत फ्रिज चालू आहे आणि त्याचं दार सताड उघडं. खोली गार होईल का? निम्मा वर्ग हो म्हणतो. हद्द फ्रिजभोवती न आखता खोलीभोवती आखा. रेषेवरून आत येतेय ती फक्त वायरीतून वीज, समजा १५० वॅट. बाहेर काहीच जात नाही. म्हणजे खोली १५० वॅटच्या शेगडीनं तापावी तशीच तापणार. फ्रिज समोरून जी उष्णता ओढतो ती मागच्या नळ्यांतून त्याच खोलीत सोडतो, वर कॉम्प्रेसरची भर. ज्याला हे पटलं त्याला पहिला नियम कळला.

पुढं स्टेडी फ्लोचं, म्हणजे एकसारख्या चालू प्रवाहाचं, लांबलचक समीकरण येतं आणि पोरं घाबरतात. त्यातल्या बहुतेक पदांना बहुतेक वेळा शून्य करता येतं. बॉयलरमध्ये उष्णता आत, काम नाही. टर्बाइनमध्ये काम बाहेर, उष्णतेची गळती नगण्य. कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर, काम नाही. पंपात काम आत. थ्रॉटल व्हॉल्व्हमध्ये दोन्ही नाहीत, म्हणून एन्थाल्पी (वाहतं पाणी किंवा वाफ सोबत नेते ती ऊर्जा) आधी जेवढी तेवढीच नंतर. सगळीकडं उत्तर म्हणजे दोन एन्थाल्पींची वजाबाकी. वेग आणि उंचीची पदं नॉझलसारख्या ठिकाणी लागतात, इतरत्र ती वाकुल्या दाखवायलाच असतात.

दाबाचं एक आमच्या भागापुरतं सांगून ठेवते. गेज दाखवतो तो हवेच्या दाबाच्या वरचा दाब. तक्त्यात लागतो तो निरपेक्ष. पुस्तकात हवेचा दाब १.०१३ बार धरलेला असतो, तो समुद्रकाठचा. बालाघाटच्या पठारावर पाच-सहाशे मीटर उंचीला तो ०.९५ च्या आसपास असतो आणि पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या जवळ उकळतं. प्रयोगशाळेत थर्मामीटर ९८ दाखवतो म्हणून तो बिघडलाय असं जर्नलमध्ये लिहू नका. आणि गुणोत्तर किंवा चौथा घात दिसला की तापमान केल्विनमध्ये, तिथं सूट नाही.

वाफेचे तक्ते: इथं वेळ घाला

मला विचाराल तर सगळ्या विषयात सगळ्यात जास्त मार्क याच पानांत दडलेले असतात आणि सगळ्यात कमी सराव याचाच होतो. तक्ता उघडण्याआधी ठरवायचं की वाफ कुठल्या अवस्थेत आहे. दाब दिलाय, तापमान दिलंय: त्या दाबाचं संपृक्त तापमान, म्हणजे त्या दाबाला पाणी उकळतं ते, बघा. दिलेलं तापमान त्याहून जास्त, तर सुपरहीटेड, म्हणजे उकळायच्या तापमानाच्याही वर तापवलेली वाफ. कमी, तर साधं पाणी. तेवढंच, तर दोन्हीचं मिश्रण, मग कोरडेपणाचा अंश म्हणजे ड्रायनेस फ्रॅक्शन हवा. तापमानाऐवजी एन्थाल्पी किंवा एन्ट्रॉपी दिली तर ती पाण्याच्या आणि कोरड्या वाफेच्या आकड्यांच्या मध्ये बसते का ते बघा. पहिले चार-पाच दिवस गणित सोडवूच नका. मित्रानं दोन आकडे सांगायचे, तुम्ही अवस्था सांगायची, मग अदलाबदल.

आता एक पूर्ण गणित माझ्याबरोबर करा, वही घेऊन. बॉयलरमधून २० बारची संपृक्त कोरडी वाफ निघते आणि आदर्श टर्बाइनमधून ०.१ बारच्या कंडेन्सरमध्ये उतरते.

तक्त्यातून २० बारला: तापमान २१२.४ अंश, एन्थाल्पी २७९९.५ किलोज्यूल प्रतिकिलो, एन्ट्रॉपी ६.३४१. तर ०.१ बारला: तापमान ४५.८ अंश, पाण्याची एन्थाल्पी १९१.८, बाष्पीभवनाची २३९२.८, पाण्याची एन्ट्रॉपी ०.६४९, बाष्पीभवनाची ७.५०१. आदर्श टर्बाइनमध्ये एन्ट्रॉपी बदलत नाही, म्हणून कोरडेपणा = ६.३४१ वजा ०.६४९, भागिले ७.५०१. उत्तर ०.७६. बाहेर पडताना एन्थाल्पी १९१.८ अधिक ०.७६ पट २३९२.८, म्हणजे (कोरडेपणाचे दशांश न तोडता) सुमारे २००७. टर्बाइनचं काम ७९२. पंपाला लागतात फक्त २. बॉयलरनं दिलेली उष्णता २६०६. कार्यक्षमता ३०.३ टक्के.

इथं बहुतेक जण उत्तराखाली दोन रेघा ओढून पुढं जातात. थांबा. उष्णता कुठं गेली? २६०६ मधून ७९० वजा करा. १८१६ किलोज्यूल दर किलो वाफेमागं कंडेन्सरच्या पाण्यात गेले. कमावलेल्या कामाच्या दुपटीहून जास्त. आणि हे आदर्श चक्र आहे, त्यात एकही दोष नाही. सादी कार्नो या फ्रेंच तरुणानं १८२४ मध्ये दाखवून दिलं की वरचं आणि खालचं तापमान ठरलं की कार्यक्षमतेची कमाल मर्यादाही ठरली. आपल्या गणितात ४८५.६ आणि ३१९ केल्विन. मर्यादा ३४.३ टक्के. तुमचं उत्तर याच्यावर गेलं तर तक्ता चुकीचा वाचलाय. तपासणीला दुसरा पुरावा लागत नाही.

दुसरी गोष्ट, कोरडेपणा ०.७६ म्हणजे बाहेर पडणाऱ्या वाफेत चोवीस टक्के वजनाचं पाणी. ते थेंब शेवटच्या पात्यांवर आदळून पाती खातात. म्हणून वाफ सुपरहीट करायची. तीच २० बारची वाफ ३५० अंशांना न्या: एन्थाल्पी ३१३७.७, एन्ट्रॉपी ६.९५८. परत तीच आकडेमोड केली की कोरडेपणा ०.८४ येतो आणि कार्यक्षमता ३१.६ टक्के. कार्यक्षमता जेमतेम सव्वा टक्क्यानं वाढली, पण कोरडेपणा चांगलाच सुधारला. सुपरहीट कशासाठी या तोंडी परीक्षेच्या प्रश्नाला ‘कार्यक्षमता वाढवण्यासाठी’ एवढंच उत्तर देऊन उठू नका.

खरी टर्बाइन आदर्शच्या ८५ टक्के काम देते असं धरा. ९३३ ऐवजी ७९३. मग उरलेले १४० गेले कुठं? वाफेतच राहिले. बाहेर पडणारी वाफ आता ०.९० कोरडी आहे आणि ती जादा उष्णता कंडेन्सरच्या डोक्यावर आली. एन्ट्रॉपीबद्दल पुस्तकात अव्यवस्था, विश्वाचा अंत असं बरंच काही येतं. चहा पिताना बोलायला ते छान आहे. पहिल्या अभ्यासक्रमात तिचं काम हिशेबनिसाचं: इन्शुलेट केलेल्या यंत्रात ती कमी झालेली दिसली की चूक तुमची.

परळी आणि ऊस: एकच चक्र, दोन ठिकाणी

अंबाजोगाईहून परळी पंचवीसेक किलोमीटर. तिथल्या औष्णिक केंद्रातला एक २५० मेगावॅटचा संच घ्या आणि मघाचाच प्रश्न विचारा. कार्यक्षमता ३६ टक्के धरली तर कोळशातून ६९४ मेगावॅट उष्णता यायला हवी. धुराड्यातून आणि इकडंतिकडं बारा टक्के गेली असं धरू. उरतात सुमारे ३६० मेगावॅट, आणि ते जातात कंडेन्सरमधून कूलिंग टॉवरला. टॉवर ही उष्णता मुख्यतः पाण्याचं बाष्पीभवन करून आकाशात सोडतो. एक किलो पाणी उडायला सुमारे २४०० किलोज्यूल. भागाकार करा: सेकंदाला १५० किलो पाणी. संच दिवसभर पूर्ण भारावर चालला तर १ कोटी ३० लाख लिटर. थोडी उष्णता पाणी न उडवताही हवेत जाते म्हणून हा आकडा थोडा खाली येतो, आणि क्षार साठू नयेत म्हणून काही पाणी सोडून द्यावं लागतं म्हणून गरज परत वर जाते. ढोबळ हिशेबाला एवढं पुरे.

१ कोटी ३० लाख म्हणजे किती? लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी ५ लाख लिटरची, पुढं पन्नास वाघिणींची २५ लाखांची. एका संचाचं एका दिवसाचं उडणारं पाणी म्हणजे तशा मोठ्या पाच गाड्या. परळीचं केंद्र गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याच्या पाण्यावर अवलंबून. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळानं पाणी आटलं आणि केंद्र बंद ठेवावं लागलं. तेव्हा कोळसा, बॉयलर, टर्बाइन, सगळं जागेवर होतं. नव्हती ती उष्णता टाकायची जागा. दुसरा नियम म्हणतो की उष्णता टाकल्याशिवाय चक्र फिरत नाही. आमच्याकडं तो वर्तमानपत्रात छापून आला.

आता तेच चक्र साखर कारखान्यात बघा. तिथं बॅकप्रेशर टर्बाइन असेल तर वाफ ०.१ बारपर्यंत उतरवतच नाहीत, २.५ बारच्या आसपास सोडून देतात. मघाची २० बार, ३५० अंशांची वाफ २.५ बारला उतरवा: कोरडेपणा ०.९८, एन्थाल्पी २६७९, काम ४५९. कंडेन्सिंग टर्बाइनच्या जवळजवळ निम्मं. वाईट सौदा? नाही. कारण बाहेर पडणारी वाफ सुमारे १२७ अंशांची आहे आणि तिच्यात किलोमागं २१४० किलोज्यूल सुप्त उष्णता शिल्लक आहे. ती सरळ उसाच्या रसाखाली जाते. रस आटवणं हाच इथला कंडेन्सर. अण्णा ज्याला ‘एक्झॉस्ट’ म्हणायचे ती हीच वाफ, आणि ती कमी पडली की पॅनवाल्यांचा (साखर शिजवायच्या भांड्यांवरच्या माणसांचा) आरडाओरडा बॉयलरपर्यंत ऐकू यायचा.

त्याच्या पुढची गंमत इव्हॅपोरेटरची, म्हणजे रस आटवायच्या भांड्यांच्या रांगेची. पहिल्या भांड्यात रसातून जी वाफ उठते ती दुसऱ्या भांड्याला गरम करायला वापरतात, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून रस कमी तापमानाला उकळतो. चार भांडी असली तर एक किलो एक्झॉस्टवर ढोबळमानानं चार किलो पाणी उडतं. आणि उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्या वाफांचं कंडेन्सेट गोळा केलं की कारखान्याला बरंचसं पाणी उसातूनच मिळतं. उसाला शेतात किती पाणी लागलं हा वेगळा आणि आमच्या भागात फार कडवट विषय आहे. त्याची हद्द या गणिताच्या बाहेर आखलीय, एवढं ध्यानात ठेवा.

इंजिन थोडक्यात, एसी आणि कूलर जरा सविस्तर

ऑटो आणि डिझेल चक्र पोरांना सोपी जातात, म्हणून मी तिथं रेंगाळत नाही. एक आकडेमोड मात्र करा. ४० अंशांची हवा म्हणजे ३१३ केल्विन, डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन १७ पट. आदर्श हवेला १७ चा ०.४ घात म्हणजे ३.१, तापमान ९७२ केल्विन, जवळपास ७०० अंश. खऱ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती उष्णता ओढतात म्हणून ते कमी भरतं, तरी डिझेल आपोआप पेटायला भरपूर. स्पार्क प्लग का नाही याचं उत्तर झालं. आणि पेट्रोल इंजिनाची एअर स्टँडर्ड कार्यक्षमता (सिलिंडरात नुसती आदर्श हवा धरून काढलेली) ६० टक्के आली म्हणून हुरळून जाऊ नका. पेट्रोल इंजिन प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावर असतं. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून गेली.

एसी म्हणजे हेच चक्र उलटं. दीड टनाचा एसी खोलीतून ५.२५ किलोवॅट ओढतो, दीड किलोवॅट वीज खातो आणि बाहेर पावणेसात किलोवॅट फेकतो. बाहेरचं युनिट जिन्याखालच्या कोंदट जागेत बसवलं तर ते आपणच फेकलेली गरम हवा परत ओढतं. आता एक प्रश्न: आत २४ अंश, बाहेर ४२. कार्नोच्या हिशेबानं सीओपी (ओढलेली उष्णता भागिले खाल्लेली वीज) २९७ भागिले १८, म्हणजे १६.५ यायला हवा. प्रत्यक्षात साडेतीन. एवढी घसरण का? कारण आतली कॉइल २४ ला ठेवली तर खोलीतून तिच्यात उष्णता जाणारच नाही. ती १० अंशांच्या आसपास लागते. बाहेरची ५५ च्या आसपास, तरच ४२ च्या हवेत उष्णता सुटेल. मग कार्नो स्वतःच ६.३ वर येतो. उरलेलं घर्षणानं आणि थ्रॉटलनं खाल्लं. हीट ट्रान्सफर आणि थर्मोडायनॅमिक्स हे दोन वेगळे पेपर आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी ही आकडेमोड दोनदा करावी. उष्णता सरकायला तापमानातला फरक लागतो, आणि त्या फरकाची किंमत चक्र मोजतं.

कूलरचं गणित सायक्रोमेट्रिक चार्टवर, म्हणजे दमट हवेच्या आलेखावर, करा. मे महिन्यात दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब (ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते तापमान) २४ अंशांच्या जवळ येतो. चांगली गवताची ताटी हवेला या दोन तापमानांतल्या अंतराच्या सत्तर टक्के खाली नेते: ४२ मधून १८ च्या ०.७ पट वजा केले की साडेएकोणतीस अंशांच्या खाली. पावसाळ्यात ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला वेट बल्बच २९ च्या आसपास, मग कूलर नुसता पंखा. उष्णता कुठं गेली? कुठंच नाही. हवेतच आहे, वाफेच्या रूपात. एन्थाल्पी जवळपास तीच. म्हणून कूलर लावून खिडकी बंद केली की घामटं निघतं. हवा बाहेर जायला वाट हवीच.

माळवद, विटा आणि पत्रा

हीट ट्रान्सफरमध्ये सगळं सूत्रांनी सुरू होतं, तुम्ही अडथळ्यांनी सुरू करा. प्रत्येक थराचा अडथळा म्हणजे जाडी भागिले वाहकता; हवेच्या पातळ थराचा अडथळा म्हणजे एक भागिले एच (हवा पृष्ठभागावरून किती उष्णता नेते तो गुणांक). ओळीनं मांडा, बेरीज करा, आणि सगळ्यात मोठा कोणता ते बघा. बाकीच्यांवर श्रम घालवू नका.

पत्र्याची खोली घ्या. पत्रा अर्धा मिलिमीटर, पोलादाची वाहकता ५०, अडथळा ०.००००१. आतल्या हवेच्या थराचा एच ८ धरला तर ०.१२५, बाहेरचा २० धरला तर ०.०५. पत्र्याचा अडथळा कुठं दिसतोय का? पत्रा दुप्पट जाड केला तरी काडीचा फरक नाही. फरक पडतो तो वरून चुना मारून ऊन परतवलं तर, किंवा खाली हवेची पोकळी सोडून छत मारलं तर. रेडिएशनचा हिशेब इथंच करून टाका. पत्रा ६५ अंश म्हणजे ३३८ केल्विन. काळ्या पृष्ठभागासाठी चौथा घात गुणिले ५.६७, दहाचा उणे आठवा घात: चौरस मीटरला ७४० वॅट. छत ३५ अंशांना असेल तर ५१०. म्हणून हवा तेवढीच गरम असली तरी पत्र्याखाली डोकं तापतं. इथं सेल्सिअस घातलंत तर उत्तर हास्यास्पद येईल, आणि दर वर्षी कुणीतरी घालतंच.

जाड भिंतीला मात्र हा स्थिर हिशेब पुरत नाही, कारण बाहेरचं तापमान दिवसभर वर-खाली होतं. आमच्याकडच्या माळवदाच्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, दोन फूट आणि त्याहून जाड, वर लाकडाच्या फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. मातीची डिफ्युझिव्हिटी (उष्णता आत किती वेगानं पसरते ते माप) सेकंदाला ०.००००००५ चौरस मीटर धरली तर तापमानाची चोवीस तासांची लाट साधारण १२ सेंटिमीटरला ३७ टक्के उरते. ६० सेंटिमीटरला असे पाच टप्पे, म्हणजे एक टक्काही नाही. आत दिवसरात्र जवळपास एकच तापमान. नऊ इंची विटेच्या भिंतीला दोनच टप्पे: १४ टक्के लाट आत येते, आणि सात-साडेसात तास उशिरानं. बाहेरची भिंत दुपारी तीनला सगळ्यात तापते, आतली रात्री साडेदहाच्या सुमाराला. मग माणसं गच्चीवर झोपायला जातात.

पण नुसत्या थंडाव्यावर घर ठरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच दगडमातीची जड घरं माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांनी पत्रा आणि स्लॅब धरला तो अडाणीपणानं नाही. तुमच्या गणितात फक्त तापमान असतं. घर बांधणाऱ्याच्या गणितात आणखी बरंच काही असतं.

हीट एक्स्चेंजरला एकच उदाहरण पुरतं. गरम पाणी ७० वरून ५० ला, गार पाणी ३० वरून ४० ला. समांतर प्रवाहात दोन टोकांचे फरक ४० आणि १०, एलएमटीडी (या दोन फरकांची लॉगनं काढलेली सरासरी) २१.६. उलट प्रवाहात ३० आणि २०, एलएमटीडी २४.७. तेवढ्याच कामाला उलट प्रवाहात नळ्या बारा-तेरा टक्के कमी लागतात. आधी दोन्ही टोकांचे तापमान आलेखावर काढा, मगच लॉग घ्या. आणि फाउलिंग फॅक्टर, म्हणजे नळ्यांवर साचलेल्या थराचा अडथळा, हे पुस्तकातलं भरताड समजू नका. बोअरच्या जड पाण्याचा एक मिलिमीटर क्षार पंचवीसेक मिलिमीटर पोलादाइतका अडथळा करतो. घरच्या गीझरची कॉइल काढून बघा.

परीक्षेआधी आणि कारखान्यात

पेपरात आधी टी-एस (तापमान-एन्ट्रॉपी) आकृती काढा, त्यावर आकडे लिहा, एककं लिहा. मार्क पायऱ्यांना असतात. शेवटी आत आलेली उष्णता = काम अधिक टाकलेली उष्णता, हे जुळतं का बघा. एक ओळ लागते, पण ती लिहिणारी मुलं बोटावर मोजण्याइतकी. तक्त्यातल्या दोन ओळींच्या मधला आकडा काढताना कॅल्क्युलेटर घाई करतो. उत्तर दोन्ही आकड्यांच्या मध्ये बसलं पाहिजे.

आणि हंगाम चालू असताना एकदा तरी कारखान्यात जा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत बॉयलर पेटलेले असतात, उन्हाळ्यात गेलात तर गार लोखंड बघून परत याल. कॉलेजचं पत्र आधी द्या. आत गेल्यावर बॉयलरचा दाब आणि वाफेचं तापमान, टर्बाइननंतरचा एक्झॉस्टचा दाब, इव्हॅपोरेटरच्या प्रत्येक भांड्याचा दाब आणि तापमान वहीत उतरवून घ्या. गेजचे आकडे आहेत, हवेचा दाब मिळवायला विसरू नका. शिफ्टचा माणूस सांगेल ते लिहून घ्या, विशेषतः कंडेन्सेट किती परत येतं ते. पायात बूट, अंगात सुती कपडे, ओढणी नीट बांधलेली. बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) पट्ट्याजवळ फोन काढू नका.